आखाडातली पेशंट

कोंबडीनं आजारी पडायला आखाडाइतका वाईट महिना नाही. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी हलते, दुसऱ्या दिवशी आळंदीहून माउलींची. टाळमृदंग पुण्यापलीकडे गेले, की आमच्या तळवडे-चिखली-चाकण पट्ट्यातल्या माणसांना एकदम आठवतं की श्रावण येतोय आणि त्याआधी बरंच काही उरकायचं आहे. लाइनवर वर्गणी निघते. गच्ची कुणाची, पातेलं कुणाचं, मसाला कुणाच्या बायकोचा, यावर जेवणाच्या सुट्टीत बैठका होतात. अडचण एकच. आमच्याकडच्या कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी, आणि गुरुवारी निम्म्या लोकांचा दत्ताचा, साईबाबांचा नाहीतर स्वामींचा वार. म्हणून पार्टी बुधवारी रात्री, सेकंड शिफ्ट सुटल्यावर. रस्सा उकळेपर्यंत बारा वाजून जातात. मग रात्री बाराला बदलते ती इंग्रजांची तारीख, आपला वार सूर्योदयाला बदलतो, हा शास्त्रार्थ अशी माणसं सांगू लागतात ज्यांनी पंचांग फक्त लग्नाची तारीख काढताना पाहिलेलं असतं. धर्माचा एवढा बारीक अभ्यास तळवड्यात वर्षातून याच महिन्यात होतो.

अशा महिन्यात आमच्या फोरमनबाईला कुत्र्यानं धरलं.

फोरमनबाई ही आमची कोंबडी. गावरान, तांबडी, मानेभोवती काळी झाक. नाव माझ्या मुलीनं ठेवलं. मी जेवताना कंपनीतल्या लोकांबद्दल जे काही बोलतो ते ती ऐकत होती, आणि स्वतः काडी न उचलता दिवसभर दुसऱ्यांच्या मागं फिरणारी, कुणी दाण्याला आधी तोंड लावलं की टोचणारी अंगणात एकच होती.

तळवड्यात कोंबड्या पाळायला अंगण आणलं कुठून, असं कुणीही विचारेल. गाव 1997 साली महापालिकेत गेलं. शेतं गेली, गोठे गेले, त्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या, मग आयटी पार्क आला आणि त्याच्यामागून त्याच्या गाड्यांची रांग आली. आमचं अंगण वाचलं ते संरक्षण खात्यामुळं. देहूरोडच्या दारूगोळा डेपोभोवती जो रेड झोन आखलाय, त्यात आमच्या बाजूचा बराच भाग येतो आणि तिथं रीतसर बांधकामाला परवानगी मिळत नाही. परवानगी नसताना आजूबाजूला तीन-तीन मजले कसे उभे राहिले हा निराळा विषय आहे, आणि तो माझ्यापेक्षा इथल्या प्रत्येक निवडणुकीतल्या उमेदवाराला जास्त चांगला माहीत आहे. आमच्या वडिलांचा मात्र कागदावर विश्वास होता. त्यामुळं पुढं अंगण राहिलं, मागं भाड्याच्या चार खोल्या राहिल्या, आणि रेड झोनच्या नियमात कोंबड्यांबद्दल काही लिहिलेलं नाही.

त्यात आई माळकरी. घरात अंडंसुद्धा शिजत नाही. तिनं कोंबड्या ठेवल्या त्या अंगणात किडे-विंचू राहू नयेत म्हणून. अंडी मागचे भाडेकरू नेतात, आणि महिन्याच्या हिशेबात ती भाड्यापेक्षा वेळेवर चुकती होतात. कोंबडीच्या दृष्टीनं पाहिलं तर अख्ख्या पिंपरी-चिंचवडात याहून सुरक्षित घर मिळायचं नाही. शेजाऱ्यांच्या दृष्टीनं पाहिलं तर हा मालाचा निव्वळ अपव्यय होता, आणि ते मत त्यांनी कधी लपवलंही नव्हतं.

कुत्रं परकं होतं, चौकाकडून आलं होतं. आईनं खराटा फेकून मारला तेव्हा त्यानं सोडली. उजवा पंख लोंबत होता, पाठीवरची कातडी फाटली होती आणि पिसं तुळशीवृंदावनापर्यंत उडाली होती. कोंबडी गप्प. एरवी अंडं घातलं तरी साऱ्या आळीला कळवणारी बाई खरं दुखलं तेव्हा एक शब्द बोलली नाही. ज्याला कुणीही खाऊ शकतं असा प्राणी आपलं दुखणं लपवतो. अशक्त आहे हे कळलं की आधी बाहेरचे येतात आणि मग घरचेही टोचायला लागतात. कोंबड्यांना रक्ताचा लाल रंग दिसला की त्या तिथंच चोच मारतात, म्हणून जखमीला आधी बाकीच्यांपासून वेगळं काढायचं, अंधारात आणि उबेत ठेवायचं. अंधार केला की कोंबडी शांत होते. मी कंपनीतून आलेला सुट्या भागांचा एक पुठ्ठ्याचा खोका रिकामा केला, खाली जुनी गोधडी घातली आणि तिला आत ठेवलं. खोक्यावर 'हँडल विथ केअर' छापलेलं होतं आणि वर कोणती बाजू ठेवायची त्याचे बाणही होते. खोका स्वयंपाकघरात चुलीजवळच्या जुन्या कोपऱ्यात गेला.

मग बघायला येणाऱ्यांची रीघ लागली. आमच्याकडं माणूस दवाखान्यात असला की बिस्किटाचा पुडा घेऊन लोक येतात आणि त्याच आजारानं गेलेल्या आपल्या नातेवाइकाची गोष्ट सांगतात. कोंबडीसाठी पुडा कुणी आणला नाही, पण खोक्यात डोकावताना प्रत्येकाचा चेहरा असा व्हायचा की त्याला दुःख म्हणावं की अपेक्षा, ते ठरवता येत नव्हतं. 'किती असेल हो?' असा प्रश्न पहिल्या दिवशी मी वयाबद्दलचा समजलो. तो वजनाबद्दलचा होता.

सल्ले खूप आले. हळद भरा. मिठाच्या पाण्यानं धुवा. लसूण ठेचून लावा, सूज उतरते. आल्याचा रस द्या, अंगात ऊब राहते. खोबरेल तेल चोळा. मिरी द्या. धने भिजवून त्याचं पाणी पाजा, आतली उष्णता जाते. मुलगी हे सगळं वहीच्या मागच्या पानावर लिहून घेत होती. रात्री तिनं यादी वाचून दाखवली आणि विचारलं, 'बाबा, यात फक्त कांदा राहिलाय ना?' आमच्या मागच्या आळीतल्या काकूंनी तर पूर्ण निरागसपणे सांगितलं, की हळद-मीठ लावून अर्धा तास तसंच ठेवायचं. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर आलं होतं, पण आईच्या गळ्यातल्या माळेकडं लक्ष गेलं आणि त्या म्हणाल्या, 'मग बरं वाटतं.'

हळद आणि मिठाचं पाणी या दोन गोष्टी खऱ्या उपयोगाच्या. पावसाळ्यात जखमेचा मोठा शत्रू म्हणजे माशी. ती उघड्या जखमेवर अंडी घालते आणि दिवसाभरात अळ्या होतात. बाकी यादी आम्ही आदरानं बाजूला ठेवली. आईचा एक उपाय मात्र मलाही अडवावा लागला. तिला साखरपाणी वाटीनं चोचीत ओतायचं होतं. कोंबडीची श्वासनळी जिभेच्या मुळाशीच उघडते, वरून ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जातं. थेंब चोचीच्या कडेला लावायचा, तिचा ती चाटून गिळते. हे सांगितल्यावर आई म्हणाली, 'तुला लहानपणी वाटीनंच पाजलं होतं.' मी तिला ड्रॉपर आणून दिला.

दुसऱ्या दिवसापासून तांत्रिक मंडळी आली. तळवड्यात राहायचं म्हणजे डावीकडं फिटर, उजवीकडं मशिनिस्ट, समोर मेंटेनन्स आणि वर क्वालिटी. या पट्ट्यातल्या माणसाला बिघडलेली वस्तू दाखवा, तो शर्टाच्या बाह्या सारतोच. वरचा क्वालिटीवाला कोविडात घेतलेली तापमापक बंदूक घेऊन आला. पिसांवर धरली तर आकडा येईना. मग पंखाखाली धरली. 106. घरात शांतता पसरली. 'आउट ऑफ स्पेक,' तो हळू आवाजात म्हणाला. आईनं देवापुढं निरांजन लावलं. वस्तुतः कोंबडीचं अंग एरवीच 105 ते 107 असतं, आपल्या भाषेत ती कायम तापलेली. 98 आकडा आला असता तर निरांजन लावण्याजोगी वेळ होती. हे मी समजावलं तेव्हा तो जरा हिरमुसला. रीडिंग बरोबर असून स्पेकच चुकीचं होतं, हे त्याच्या नोकरीत बसणारं नव्हतं.

तरी तो तेवढ्यावर थांबला नाही. त्यानं 'व्हाय-व्हाय' करायला घेतलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: एखादी चूक झाली की पाच वेळा 'का' विचारायचं, पाचव्या 'का'ला मूळ कारण सापडतं, असं जपानी मोटार कंपन्यांनी शिकवलं आणि चाकणपर्यंत सगळ्यांनी फळ्यावर लिहिलं. कोंबडी जखमी का झाली? कुत्रं आलं. कुत्रं का आलं? फाटक उघडं होतं. फाटक उघडं का होतं? दूधवाला आला होता. दूधवाल्यानंतर ते लावलं का नाही? आई हरिपाठाला बसायच्या गडबडीत होत्या. इथं त्यानं मान वर करून आईकडं पाहिलं, पाचवा 'का' गिळला आणि दोषाच्या रकान्यात 'दूधवाला' असं लिहून कागद घडी करून खिशात ठेवला. व्यवस्थापनाचं शिक्षण वाया जात नाही.

टूलरूममध्ये काम करणारा शेजारी पंखाला आधार बनवून देतो म्हणाला. त्याला ड्रॉइंग हवं होतं, मापं मिलिमीटरमध्ये आणि टॉलरन्ससकट. मी त्याला पक्ष्यांचं हाड आतून पोकळ असतं, आणि खांद्याजवळचं हाड तर श्वासाच्या पिशव्यांना जोडलेलं असतं, असं वाचून दाखवलं. म्हणजे पक्षी थोडाफार हाडातूनही श्वास घेतो, म्हणून तिथं उघडी जखम असेल तर औषध ओततही नाहीत. तो बराच वेळ खोक्याकडं बघत राहिला. 'वजन पण कमी, एअर लाइन पण आतूनच,' तो म्हणाला. 'डिझाइन कुणी केलंय?' आईनं छताकडं बोट दाखवलं. लेबर कॉन्ट्रॅक्टरकडं कामाला असणाऱ्या एकानं, तिला ईएसआय लागू आहे का, असं विचारलं. प्रॉडक्शनमधल्या माणसाला एकच माहिती हवी होती: अंडी किती दिवस बंद.

डॉक्टरांना फोन केला तर त्यांनी आधी वजन विचारलं, कारण पाखराचं औषध थेंबाच्या हिशेबात असतं. घराजवळ बिनचूक काटा एकच, चिकन सेंटरमधला. तो चौकात, चालत दोन मिनिटांवर. मी नुसतं नाव काढलं तर आईनं माझ्याकडं असं पाहिलं की विषय तिथंच संपला. शेवटी कुदळवाडीकडून फेरी मारणारा भंगारवाला दारावरून चालला होता, त्याला थांबवलं. त्यानं पिशवी हुकाला अडकवली, काटा स्थिर होऊ दिला आणि सवयीनं विचारलं, 'लोखंड का प्लास्टिक?' पिशवीतून मान वर आली. भंगारवाल्याच्या आयुष्यात मालानं त्याच्याकडं रोखून बघण्याचा तो पहिला प्रसंग असावा. एक किलो सहाशे ग्रॅम.

दवाखाना निगडीच्या बाजूला. आत एसी, भिंतीवर गोल्डन रिट्रीव्हरचं पोस्टर, बाकावर रेनकोट घातलेला एक शिट्झू, मांडीवर एक पर्शियन मांजर आणि आमचा खोका. नोंदणीच्या फॉर्मवर नाव, जात, वय, लसीकरण, स्वभाव. जातीसमोर मी 'गावरान' लिहिलं, स्वभावासमोर 'फोरमन'. मांजरवाल्या बाईंनी खोक्यात डोकावून 'किती गोड!' म्हटलं, मग जरा थांबून खालच्या आवाजात विचारलं, 'म्हणजे, तुम्ही लोक हिला... नाही ना?' इकडं आळीत जो प्रश्न आशेनं विचारला जात होता, तोच इथं भीतीनं विचारला गेला.

डॉक्टर मोकळे निघाले. म्हणाले, आम्हाला कॉलेजात कोंबडी शिकवतात, पण एक कोंबडी कधीच शिकवत नाहीत. शिकवतात ती पाच हजार, दहा हजार. पोल्ट्रीत औषध पाण्याच्या टाकीत पडतं, रुग्ण म्हणजे शेड. त्यातल्या एकीला काय झालंय हे बघायचं तर ती मेलेली असावी लागते, नाहीतर मारावी लागते. निदान होतं ते पोस्टमॉर्टेमच्या टेबलावर. औंधला सरकारचा रोग अन्वेषण विभाग आहे, तिथं नेलंत तर अगदी अचूक सांगतील. 'फक्त घरी रिकामा खोका न्यावा लागेल,' ते म्हणाले. त्यांचं बरोबर होतं. ज्या पुण्यात व्यंकटेश्वरा हॅचरीज वाढली, जिथं खडकीला सरकारी अंडी उबवणी केंद्र आहे, आणि जिथल्या औंधमध्येच राणीखेतची लस तयार होते, त्या पुण्यात कोंबडीविषयीचं शहाणपण डोंगराएवढं साचलंय. मानमोडी, देवी, खाद्य, उजेडाचे तास, सगळं ठाऊक. पण ते सारं बहुवचनात. एका कोंबडीला एकवचनात घेऊन आलेला माणूस म्हणजे त्यांना बँकेत एक नाणं जमा करायला आलेला खातेदार वाटत असावा. तरी त्यांनी तिला टॉवेलात गुंडाळलं, जखम साफ केली, पंख अंगाला धरून पट्टी कशी बांधायची ते दाखवलं. छातीभोवती आवळायचं नाही, एवढं तीनदा बजावलं. पक्ष्याची फुप्फुसं आपल्यासारखी फुगत नाहीत. तो छातीचं हाड पुढं-मागं हलवून हवा ओढतो. छाती आवळली की नाकतोंड उघडं असूनही तो गुदमरतो. जखमेवर जांभळं औषध दिलं, ते जंतू मारतं आणि लाल रंगही झाकतं. बधिर करणारी माणसांची मलमं लावायची नाहीत, पाखरांना ती विषारी ठरतात. गोळ्या चालू असताना आणि त्यानंतरही ते सांगतील तोवर अंडी कुणी खायची नाहीत.

चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, ही म्हण मला त्या आठवड्यात भेटलेल्या प्रत्येकानं ऐकवली, रिक्षावाल्यानंही. नुसतं रिक्षाचं भाडंच तिच्या बाजारभावाला जाऊन भिडलं होतं. 2019 साली मिझोराममधल्या सैरांग गावचा एक सहा वर्षांचा मुलगा सायकलखाली आलेलं शेजाऱ्याचं पिल्लू एका हातात आणि दहा रुपये दुसऱ्या हातात घेऊन थेट माणसांच्या दवाखान्यात गेला होता. त्याचा फोटो साऱ्या देशानं पाहिला आणि डोळे पुसले. तेच काम पंचेचाळिशीच्या माणसानं केलं की लोक हिशेब विचारतात.

खरी शुश्रूषा केली ती आमच्या मागच्या खोलीतल्या भाडेकरूनं. लातूरकडचा मुलगा, म्हाळुंग्याच्या बाजूला एका प्रेस शॉपमध्ये होता. दोन वर्षांपूर्वी पॉवर प्रेसनं त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची पेरं नेली. कंपनीच्या कागदात कारणाच्या जागी 'कामगाराचा निष्काळजीपणा' असं लिहिलं गेलं, आणि क्वालिटीवाल्याचं 'व्हाय-व्हाय' ऐकताना तो एकटाच हसला नव्हता. ड्रेसिंगच्या रांगेत बसून बसून त्याला ती विद्या अशी अवगत झाली होती की त्यानं पट्टीला हात लावताच ते आमच्या लक्षात आलं. 'दादा, ओढू नका. आधी कोमट पाण्यानं भिजू द्या, आपोआप सुटंल.' मी ओढत होतो. तो रोज शिफ्टवरून आला की हात धुऊन, मावशी, पेशंट द्या, म्हणायचा आणि कोंबडी मांडीवर घेऊन बसायचा. उरलेल्या तीन बोटांनी तो ज्या नाजूकपणे पिसं बाजूला करायचा, ते आमच्या कुणाच्या पाचांना जमलं नाही. एकदा ती त्याला कडकडून चावली तर तो खूश झाला. 'ताकद आलीय,' म्हणाला.

पायही मुरगळला होता, ती उभी राहीना. बसून बसून छातीला जखम होऊ नये म्हणून आईच्या जुन्या लुगड्याची झोळी केली, त्याला पायांसाठी दोन भोकं पाडली आणि ती दोन खुर्च्यांमध्ये बांधली. फोरमनबाई त्यात लटकून, पाय जेमतेम जमिनीला टेकवून, घरात कोण काय करतंय ते बघत राहायची. माझ्या बायकोचं म्हणणं, एवढ्या आरामात तिला बाळंतपणातही कुणी ठेवलं नव्हतं. त्यात डॉक्टरांनी आणखी एक घोळ घालून ठेवला होता. नॉनस्टिक भांडं जास्त तापलं की त्याच्या थरातून जी वाफ निघते तिनं पिंजऱ्यातली पाखरं मरतात, असं त्यांनी जाता जाता सांगितलं होतं. आईनं त्याच संध्याकाळी घरातले सगळे नॉनस्टिक तवे माळ्यावर टाकले. लग्नात आलेले, दिवाळी बोनसबरोबर कंपनीनं वाटलेले, सगळे. बिडाचा तवा परत खाली आला आणि महिनाभर डोसे तव्याला चिकटत राहिले. कोंबडी बरी व्हावी यासाठी आमच्या घरात मनापासून प्रार्थना करणाऱ्यांत तेव्हापासून एकाची भर पडली.

मुलीनं या काळात कोंबड्यांबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचून काढलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवलं. 'ही काय जगत नाही आता' असं म्हणणाऱ्याला ती माइकची गोष्ट सांगायची. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या फ्रुटा गावी 10 सप्टेंबर 1945 रोजी लॉइड ओल्सन नावाच्या शेतकऱ्यानं कोंबडा कापला. घाव जरा वर बसला, मेंदूचा खालचा भाग आणि एक कान राहिला, आणि कोंबडा उठून चालायला लागला. ओल्सननं मग त्याला मारायचं सोडून पाळलं. ड्रॉपरनं थेट अन्ननलिकेत दूध आणि पाणी, सोबत मक्याचे बारीक दाणे. डोकं नसलेला तो कोंबडा अठरा महिने जगला, वजनानं वाढला, गावोगाव तिकीट लावून दाखवला गेला. गोष्ट संपली की मुलगी फोरमनबाईच्या शाबूत डोक्याकडं बोट दाखवायची आणि पाहुण्याला बोलायला काही उरायचं नाही. एका आजोबांनी तरी विचारलंच, 'तिकडं आखाड नसतो का?'

आणि मग दिव्याची अवस आली. त्या रात्री गावात जे काही झालं त्याचा वास सकाळपर्यंत गल्लीत होता. खोक्यावर आईनं पाटा ठेवला होता, आणि पाट्यावर वरवंटा. सकाळी श्रावण लागला.

श्रावणात माणसांत केवढा फरक पडतो हे बघायचं असेल तर घरात जखमी कोंबडी ठेवावी. तीच माणसं आली, त्याच खोक्यात डोकावली, पण आता सल्ल्याला दुसरा अर्धा भाग उरला नव्हता. 'किती असेल' विचारणारे 'कशी आहे' विचारू लागले. मागच्या आळीतल्या काकू मूठभर बाजरी घेऊन आल्या. शास्त्रार्थ करणारे गृहस्थ म्हणाले, मुक्या जीवाचा शाप वाईट. त्यांच्या बोलण्यात काही ढोंग नव्हतं. भुकेचा प्रश्न मिटला की करुणेला घरात जागा होते, एवढंच. आणि भाद्रपदात ती जागा पुन्हा रिकामी करावी लागते हे त्यांनाही माहीत होतं. प्रॉडक्शनवाल्याचीही तक्रार मिटली, त्याच्याकडं श्रावणात अंडी चालत नव्हती. डाउनटाइम शटडाउनमध्ये बसून गेला.

तुरा परत लाल व्हायला लागला. कोंबडीची तब्येत बघायला एवढा एक दागिना पुरतो. फिकट म्हणजे अशक्त, लाल म्हणजे ठीक. पाठीवर नवी पिसं काट्यांसारखी फुटली. झोळी सुटली. चालताना ती किंचित उजवीकडं ओढायची. आता तिला बाकीच्यांत सोडायचं होतं, आणि ते जखमेपेक्षा अवघड निघालं.

कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचू शकतं याची पक्की उतरंड असते, हे शास्त्रात पहिल्यांदा मांडलं नॉर्वेच्या थोर्लाइफ श्येल्डेरुप-एब यांनी, 1921 साली. लहानपणापासून कोंबड्यांपुढं बसून त्यांनी कोण कुणाला टोचतं याची टिपणं काढली होती. सगळ्यात वरची सगळ्यांना टोचते, सगळ्यात खालची कुणालाच नाही, आणि मधल्या प्रत्येकीला आपली जागा तोंडपाठ असते. एकजण काही दिवस गैरहजर राहिली की बाकीच्या आपापसात फेरवाटप करून मोकळ्या होतात. फोरमनबाईच्या जागेवर तिच्या गैरहजेरीत एक पांढरी तलंग बसली होती. वयानं लहान, अनुभव शून्य, पण रजेवर गेलेल्याची खुर्ची कुणाला मिळते हे कोंबड्यांनाही कुणी शिकवावं लागत नाही. पहिल्या दिवशी आमच्या बाईला सोडलं तर ती नेहमीच्या तोऱ्यात दाण्यांकडं गेली आणि तलंगीनं तिला डोक्यात टोचलं. क्षणभर दोघींनाही विश्वास बसला नाही.

लातूरकर भाडेकरू अंगणाच्या कट्ट्यावर बसून बघत होता. 'मी परत गेलो तवा माझ्या मशीनवर पण नवा पोरगा हुता,' तो म्हणाला. 'मला पॅकिंगला टाकलं.' मग त्यानंच उपाय काढला. दिवसा तिला डालग्याखाली बाकीच्यांच्या मधोमध ठेवायचं, म्हणजे दिसेल पण टोचता येणार नाही. रात्री सगळ्या झोपल्यावर हळूच खुराड्यातल्या काठीवर त्यांच्या शेजारी बसवायचं. अंधारात कोंबडीला फारसं दिसत नाही. सकाळी उठल्यावर शेजारी कोण बसलंय त्यावर भांडण काढायला त्यांना वेळ लागतो. मी म्हटलं, हे कुठं वाचलंस? त्यानं सांगितलं, युनियनचा एक माणूस असंच करायचा, नव्या लोकांना नाइट शिफ्टलाच आत आणायचा.

सध्या ती दुसऱ्या नंबरवर आहे. पहिल्या नंबरसाठी अधूनमधून अर्ज करते. अंडं पुन्हा घातलं ते मऊ कवचाचं होतं, मग शिंपल्याचा चुरा दिला, आणि पुढची नीट आली. औषधाची मुदत संपल्यावरचं पहिलं अंडं प्रॉडक्शनवाल्यानं मागितलं. आईनं ते न विचारता मागच्या खोलीत नेऊन दिलं.

यातून आमची विनाकारण ख्याती झाली. रुपीनगरातून कुणी लंगडं बदक पाठवलं, चिखलीहून एकानं खुडूक कोंबडी उठतच नाही म्हणून विचारलं, आणि आईचा नंबर कुठल्या कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर 'कोंबडीवाल्या आजी' म्हणून फिरतोय. पुण्यात सोमवार पेठेत कोंबडा पहाटे आरवतो म्हणून 2019 साली एका बाईंनी पोलिसांत अर्ज दिला होता. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मॉरिस नावाच्या कोंबड्यावरचा असाच खटला कोर्टात उभा राहिला आणि कोंबडा जिंकला. हे सगळं मुलीनं आजीला वाचून दाखवलंय, त्यामुळं आई कोंबड्यांच्या बाबतीत फार तोलून बोलते. परवा रात्री दहाच्या सुमारास म्हाळुंग्याहून एकाचा फोन आला. त्याचा कोंबडा दोन दिवस झाले आरवत नाही, आजी, काहीतरी सांगा. आईनं खातो का, पितो का, तुरा कसा आहे, शीट कशी आहे, सगळं विचारलं. सगळं व्यवस्थित होतं. आई विचार करत होती तेवढ्यात पलीकडून, बहुधा शेजारच्या खिडकीतून, एका बाईचा आवाज आला, 'आजी, पाया पडते, औषध सांगू नका!'